आमच्याकडून ओके आहे

बँकेत त्याला ‘ईडीपीवाला’ म्हणतात, साखर कारखान्यावर ‘कॉम्प्युटर साहेब’, इस्पितळात नुसतं ‘आयटी’, कॉलेजात ‘नेटवाले सर’ आणि केबलवाल्याच्या गाळ्यात फक्त ‘ए, बघ रे’. आम्ही, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून देत गावोगाव हिंडणारी मंडळी, आपसात त्याला पिंगळा म्हणायचो. जुना पिंगळा पहाटे कंदील घेऊन दारात यायचा, पक्ष्याची भाषा आपल्याला कळते म्हणायचा, घरातल्या कुणावर काय बेतणार ते सांगायचा आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचा. हा पिंगळा पिंगची भाषा ऐकतो. फक्त याचं भविष्य घडून गेल्यावर कळतं.

पिंग म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला विचारणं, “आहेस का रे?” पलीकडून “आहे” आलं की भिंतीवरचा ठिपका हिरवा. काहीच आलं नाही की लाल. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस या माणसानं डिसेंबर 1983 मध्ये हा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहून टाकला आणि पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. म्यूसनं पुढे याहून मोठी कामं केली, पण जग त्याला त्या एका संध्याकाळसाठी ओळखतं. पिंगळ्याला म्यूस माहीत नसतो. माहीत करून घ्यायला मोकळी संध्याकाळ लागते.

तो दिसतो कसा? बोलताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या खांद्यावरून मागच्या स्क्रीनकडे बघतो. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी केबलच्या टोकाला लावायचे दोनचार प्लास्टिकचे कनेक्टर. बॅगेत फिकट निळी, चपटी कन्सोल केबल. ही केबल तो कुणाला उसनी देत नाही. बायकोच्या माहेरची अंगठी हरवली तर तो शोधील. ही केबल हरवली तर रजा टाकील. कुणी सहज विचारलं, “काय, बरं चाललंय ना?” तर आधी मोबाइल बघतो, मग “हो, बरं आहे” म्हणतो. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक नवरानवरी बघतात, हा छताला लावलेली वायफायची डबी बघतो आणि शेजारच्याला सांगतो, “एकच लावलीय. दोनशे माणसांत बसणार आहे हे.” ते बसतं. जेवणाच्या पंगतीत सगळे फोन हवेत उंचावून नेट शोधत असतात आणि हा शांतपणे जिलेबी खात असतो. त्याच्या आयुष्यातले सुखाचे क्षण साधारण या जातीचे.

बाहेरच्यांची अशी समजूत असते की ही असली सॉफ्टवेअरं बिघाड कुठे झाला ते कळावं म्हणून घेतात. माहितीपत्रकात आम्हीही तेच छापतो. पण डेमो देताना समोरचे साहेब ग्राफ, रंग, नकाशे सगळं मान डोलावत बघून घेतात आणि शेवटी पुढे वाकून एकच प्रश्न विचारतात: “यात कंपनीची चूक दिसेल ना?” कंपनी म्हणजे लाइन देणारी कंपनी. बँकवाल्याला लाइनवाल्याची चूक हवी असते, लाइनवाल्याला बँकेच्या विजेची, कॉलेजला पोरांची आणि सरकारी खात्याला आधीच्या साहेबांची. बिघाड काय, कधी ना कधी दुरुस्त होतोच. तो आपल्याकडून झाला नव्हता, हे तारीखवार, वेळेनिशी, रंगीत छापून फायलीला लावता आलं पाहिजे. माझ्या मते पिंगळ्याची नोकरी हीच. आणि संस्था कसली आहे हे तिच्या पाटीवर वाचण्यापेक्षा ठिपका लाल झाल्यावर पहिलं बोट कुणाकडे जातं त्यावरून लवकर कळतं.

सहकारी बँकेपासून सुरुवात करू, कारण पिंगळ्याचं खरं पीक तिथं येतं. मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या गावी, शाखा तालुक्यातालुक्याला, सगळ्यांचा हिशेब एका सर्व्हरवर. लाइन तुटली की शाखेत हिशेब थांबतो आणि काउंटरमागून ते अजरामर वाक्य येतं: “सर्व्हर डाऊन आहे.” सर्व्हर बिचारा धडधाकट असतो. डाऊन असते ती लाइन, किंवा प्रिंटर, किंवा मॅडमचा मूड. पण शब्द एकदा रुळला. पिंगळा या वाक्यावर मनातून इतका चिडलेला असतो की त्याच्या घरी कुणी “सर्व्हर डाऊन” म्हटलं तर जेवणाचं ताट बाजूला सारतो.

लाइन तुटली की तो कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावतो.

“लिंक डाऊन आहे.”

“आमच्याकडून ओके आहे सर. तुमच्याकडे पॉवर आहे का?”

“आहे.”

“मोडेमचे दिवे कसे दिसतायत?”

“मी हेड ऑफिसला आहे. शाखा साठ किलोमीटरवर आहे.”

“मग तिथं कुणाला तरी बघायला सांगा ना सर.”

शाखेत सकाळी सव्वानऊला शिपाई सोडून कुणी नसतं. पिंगळा त्याला फोन करतो.

“मामा, दिवा लागलाय का बघा.”

“लागलाय की. मघाशीच लावला. उदबत्ती पण लावली.”

“देवापुढचा नाही हो मामा. कपाटावर काळी डबी आहे ना, तिचा.”

“ती होय? तिची पिन मी काढलीय. मोबाइल लावलाय चार्जिंगला.”

इथपर्यंत हेल्पलाइनवाल्यानं तक्रार नोंदवून तिला अकरा आकडी नंबर दिलेला असतो आणि कंपनीचा माणूस मोटारसायकलवर निघालेला असतो. तो पोचेपर्यंत ठिपका हिरवा होतो. माणूस फॉर्मवर शिपायाची सही घेतो, ‘कस्टमर एंड पॉवर इश्यू’ असं लिहितो आणि ती वीस मिनिटं महिन्याच्या हिशेबातून वजा होतात.

हा हिशेब म्हणजे पिंगळ्याचं महाभारत. करारात लिहिलेलं असतं, लाइन महिन्याचे 99.5 टक्के चालू राहील. साहेबांना तो आकडा शंभराच्या इतका जवळ वाटतो की ते सही करून मोकळे होतात. पिंगळा गणित करतो: तीस दिवसांच्या महिन्यात अर्धा टक्का म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. एवढा वेळ लाइन मेली तरी कंपनी सोवळ्यातच. त्याच्यावरच्या मिनिटांना दंड. मग महिनाअखेरीस दोन्ही पक्ष आपापले ग्राफ घेऊन बसतात. पिंगळ्याच्या कागदावर पाच तास दहा मिनिटं, कंपनीच्या कागदावर दोन तास पन्नास. मधल्या मिनिटांवर जी घासाघीस होते, ती ऐकून मंडईतली बाई लाजेल. वीज, पाऊस, रस्त्याची खोदाई, ‘साइटला कुलूप होतं’ असं करत करत शेवटी काय उरतं? अकरा मिनिटं. त्यांच्या दंडाची रक्कम बघून एमडी विचारतात, “यासाठी आपण सॉफ्टवेअर घेतलं?”

एका शाखेचा ठिपका रोज संध्याकाळी पावणेसातला लाल व्हायचा आणि सकाळी नवाला आपसूक हिरवा. सॉफ्टवेअर इमानदार, रोज संध्याकाळी पिंगळ्याच्या मोबाइलवर ‘क्रिटिकल’ असा मेसेज टाकायचं. राऊटर बदलला, मोडेम बदललं, कंपनीनं खांबापासून नवी वायर ओढली. शेवटी कळलं की शाखाधिकारी जुन्या वळणाचे. आग लागू नये म्हणून निघताना मेन स्विचच पाडून जातात. त्यांना सांगायचं कुणी? ते एमडींचे वर्गमित्र. मग पिंगळ्यानं सॉफ्टवेअरलाच समजावलं: या शाखेचं पावणेसात ते नऊ मनावर घ्यायचं नाही. असं एकेक समजावत गेल्यावर वर्षभरात सॉफ्टवेअर फार समजूतदार झालं. कशाचंच मनावर घेईना.

आणि पिंग तरी किती खरं बोलतो? तो फक्त “आहेस का” विचारतो. “काम करतोस का” हे विचारायची त्याची ऐपत नाही. त्यामुळे बँकेत असे संवाद रोज घडतात:

“अहो, पासबुक छापलं जात नाहीये.”

“पिंग जातोय मॅडम.”

“जाऊ दे तो कुठं जायचाय तिथं. इथं समोर आजोबा उभे आहेत अर्ध्या तासापासून.”

“लिंक अप आहे, सांगा त्यांना.”

आजोबांना लिंक अप असल्याचं सांगण्यात येतं. आजोबांचं पासबुक काही त्यामुळे भरत नाही.

बँकवाल्या पिंगळ्याला स्वप्नात दिसतो तो हॅकर नव्हे. त्याला जेसीबी दिसतो. पिवळा, पुढे दात असलेला, रस्त्याकडेची माती उचलताना हळूच केशरी प्लास्टिकची नळी ओरबाडणारा. त्यावर तोडगा म्हणून बँक दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन घेते आणि निर्धास्त होते. दोन्ही कंपन्यांनी आपापली केबल एकाच चरात टाकलेली असते, हे जेसीबीलाच पहिल्यांदा कळतं. मोठ्यांचंही असं होतं. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनी एकदम बिनसल्या, असं बाजारानं सांगितलं. दुपारी पावणेचारला बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालवला. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यातले पिंगळे टीव्हीसमोर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. “बघा साहेब,” एक म्हणाला, “त्यांचंही जातं.”

साखर कारखान्यावर मात्र पिंगळ्याचा रुबाब वेगळा, आणि जीवही वेगळाच टांगलेला. भिंतीवर ठिपके पन्नास असतील, पण बघायचा एकच: वजनकाटा. गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की पुढे चारपाच महिने ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या रात्रंदिवस काट्यावर चढत-उतरत असतात. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. काट्याच्या खोलीतून ऑफिसात जाणारी केबल तुटली तर आकडा सर्व्हरला पोचत नाही, पावती निघत नाही आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टरांची रांग डांबरी रस्त्याला लागते. ड्रायव्हर मुकादमाला फोन करतो, मुकादम संचालकाला, संचालक चेअरमन साहेबांना आणि चेअरमन साहेब पिंगळ्याला. सॉफ्टवेअरचा अलर्ट या सगळ्यांनंतर येतो. कारण ते दर पाच मिनिटांनी विचारपूस करतं आणि संचालक दर मिनिटाला.

पाच मिनिटांची ही रीत जुनी आहे. 1995 च्या सुमारास इंग्लंडात लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर हा माणूस होता. अख्ख्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन, सेकंदाला 64 किलोबिटची. ती कितपत भरते हे सगळ्यांना बघता यावं म्हणून त्यानं एमआरटीजी नावाचा प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी राऊटरला आकडा विचारायचा आणि हिरव्या-निळ्या रेघांचा आलेख काढायचा. पुढे जगभर तसेच आलेख निघाले, आणि पाच मिनिटांची सवयही तिथूनच पुष्कळांनी उचलली. मधल्या चार मिनिटांत काय घडलं ते देवाला आणि मुकादमाला माहीत.

कारखान्याची केबल तुटते कशानं? बहुतेक उंदरानं. नाहीतर बगॅसच्या भुशानं. तो भुसा हवेत असतो, भाकरीत असतो आणि स्विचच्या पंख्यात तर वारुळासारखा साठतो. पिंगळा दर पंधरवड्याला ब्लोअर घेऊन काट्याच्या खोलीत जातो आणि धुरळ्यानं माखून परततो. पण शेतकऱ्याला उंदीरबिंदीर पटत नाही. काटा बंद पडला, म्हणजे काहीतरी शिजतंय. काटामारीचा संशय उसाइतकाच जुना आणि तो सर्वस्वी खोटा आहे असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? म्हणून रांगेतले चार जण थेट खोलीत शिरतात. तेव्हा पिंगळा स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. “हे बघा दादा, दोन वाजून सात मिनिटांनी केबल गेली. हा लाल ठिपका. कुणी हात लावलेला नाही.” एक म्हातारा पुढे होऊन ठिपका निरखून बघतो आणि विचारतो, “हा ठिपका तुमच्याच मशिनीवरचा न्हवं?” या प्रश्नाला माझ्या कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

इस्पितळात ठिपके हिरवेच असतात, तरी सगळे ओरडत असतात. सीटी स्कॅनच्या चित्रांची फाइल जाडजूड. ती खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या स्क्रीनवर चढायला वेळ घेते. डॉक्टर म्हणतात नेट स्लो, मशीनवाला म्हणतो स्विच जुना, स्विचवाला म्हणतो डॉक्टरांच्या पीसीवर अठरा टॅब उघडे आहेत. त्यातला शेवटचा माणूस खरं बोलत असतो आणि त्याला तेवढं कुणी विचारत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीच्या व्हायरसनं बंद पाडले आणि पुढे बरेच दिवस केसपेपर हातानं लिहिले गेले. त्यानंतर आपल्याकडच्या लहानमोठ्या इस्पितळांचे ट्रस्टी एकाएकी जागे झाले. पिंगळ्याला बोलावणं आलं: “आपल्याकडे असं होणार नाही ना?” त्यानं सहा गोष्टी लागतील म्हणून लिहून दिलं. ट्रस्टींनी त्यातली सर्वांत स्वस्त मंजूर केली: स्वागतकक्षात मोठा टीव्ही, त्यावर नेटवर्कचा नकाशा. पेशंटचे नातेवाईक तो बघत बसतात. एका आजींनी हिरवे ठिपके म्हणजे रिकाम्या खाटा असं समजून भांडण केलं.

कॉलेजात टीव्ही वर्षभर बंद असतो. नॅकची समिती येणार म्हटलं की पुसून चालू करतात. समिती समोरून जाते, प्राचार्य “आमचं नेटवर्क ऑपरेशन सेंटर” म्हणतात, पिंगळा इस्त्रीच्या शर्टात उभा असतो. एरवी त्याचं युद्ध होस्टेलशी. पोरं त्याच्याहून चार पावलं पुढे. कुणीतरी रिकामा वेळ म्हणून एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीवरच्या दोन सॉकेटांत खुपसतो. स्वस्तातल्या स्विचांना हा विनोद कळत नाही. तोच संदेश आतल्या आत गरगरत वाढत जातो आणि दोन मिनिटांत अख्खी इमारत लाल. याला लूप लागणं म्हणतात. लूप शोधायचा तर खोलीखोलीत जावं लागतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीखोलीत नेटवाले सर डोकावत आहेत हे दृश्य पोरांना इतकं आवडतं की पुढच्या सत्रात लूप पुन्हा लागतो.

केबलवाल्याकडे फार थांबायला नको, तोही थांबू देत नाही. आयपीएलच्या शेवटच्या षटकात एका गल्लीतले चाळीस ठिपके एकदम विझतात आणि चाळीस फोन वाजतात. इथला पिंगळा सगळ्यांना एकच मंत्र देतो, “राऊटर बंद करून चालू करा.” तोवर पोरगा शिडी घेऊन खांबावर पोचलेला असतो. राऊटर चालू होतो, केबल जुळते, गिऱ्हाईक म्हणतं, “बघा, राऊटरचाच प्रॉब्लेम होता.” दोष गिऱ्हाइकानं आपण होऊन अंगावर घ्यावा, असा हा एकमेव धंदा.

आता सॉफ्टवेअरचे पैसे. पुष्कळ ठिकाणी नसतातच. लाटव्हियातल्या एका प्रोग्रामरनं सुरू केलेलं झॅबिक्स फुकट मिळतं, पण ते बसवायला डोकं आणि रविवार लागतात. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या कंपनीचं पीआरटीजी सोपं, आणि बरीच वर्षं ते 100 सेन्सरपर्यंत फुकट वापरता येई. एका गोष्टीवर ठेवलेली एक नजर म्हणजे एक सेन्सर. फुकट नजरा शंभर, बघायच्या गोष्टी साताठशे. अशा वेळी शंभरांची यादी काय होते ते बघावं. संस्थेचा स्वभाव ताळेबंदात उतरत नाही एवढा तिथं उतरतो. एका नगरपालिकेत पहिला सेन्सर होता अध्यक्षांच्या केबिनमधल्या वायफायवर, दुसरा त्यांच्या बंगल्यावरच्या वायफायवर. पाणीपुरवठ्याचा पंप पंचाण्णवावा. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकांचा नंबर जाहिरात विभागाच्या खाली तेविसावा होता. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत, कितीही तंगी असली तरी, एक नजर पिंगळा स्वतःसाठी राखून ठेवतो: 8.8.8.8. हा गूगलचा पत्ता. त्याला पिंग केला आणि उत्तर आलं की जग जागेवर आहे. रात्री अडीचला दचकून उठल्यावर तो आधी हा बघतो, मग शेजारी बायको आहे का ते.

खंडेनवमीला मात्र सगळीकडे सारखंच. रॅकला झेंडूची माळ, सर्व्हरला हळदकुंकू, समोर नारळ. साहेब भक्तिभावानं अक्षता वाहतात आणि त्यातल्या नेमक्या दोन पंख्यात जातात. दसऱ्याच्या दिवशी टर्र टर्र असा आवाज करत ठिपका लाल होतो. आपट्याची पानं वाटायची सोडून पिंगळा चिमटा घेऊन तांदूळ काढत बसतो.

28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं आदेश काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, यंत्रांच्या नोंदी 180 दिवस जपा, आणि सगळ्यांची घड्याळं सरकारी घड्याळाशी जुळवा. यातलं शेवटचं वाचून पिंगळ्याच्या पोटात गोळा आला. कारण जुना सिस्को राऊटर वीज जाऊन आली की थेट 1 मार्च 1993 या तारखेला परततो आणि कुणी सांगेपर्यंत तिथंच सुखानं नांदतो. एका शाखेचं घड्याळ अकरा मिनिटं मागे, दुसरीचं लंडनच्या वेळेवर. अशा नोंदी जोडून पाहिल्या तर चोर आत शिरण्याच्या साडेपाच तास आधी बाहेर पडलेला दिसतो. पिंगळ्यानं महिनाभर बसून सगळी घड्याळं एकत्र आणली. साहेबांनी विचारलं, “मग याच्यात नवीन काय दिसणार?” तो म्हणाला, “वेळ.”

पण त्याची झोप उडाली होती ती त्याआधीच. डिसेंबर 2020 मध्ये बातमी फुटली की टेक्सासमधल्या सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ या नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच हेरांनी दार पाडून ठेवलं होतं. कंपनीकडून अपडेट आलं, गिऱ्हाइकांनी विश्वासानं ते चढवलं, आणि असं सुमारे 18 हजार गिऱ्हाइकांकडे गेलं. त्यातल्या निवडक घरांत हेर प्रत्यक्ष हिंडून आले. अमेरिकेचं अर्थखातं त्यात होतं. कंपनीच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकांची यादी मोठ्या अभिमानानं लावलेली होती: अमेरिकी सैन्याची सगळी दलं, पेंटागॉन, नासा, फॉर्च्यून 500 मधल्या 425 कंपन्या, शेकडो विद्यापीठं. कुठल्या प्रकारच्या संस्था हे सॉफ्टवेअर वापरतात याचं इतकं छान उत्तर दुसरीकडे मिळालं नसतं. त्या आठवड्यात कंपनीनं ते पानच काढून टाकलं. हेरांनी बहुधा उतरवून घेतलेलं असावं.

एका बँकेच्या चेअरमन साहेबांनी ही बातमी सकाळी चहाबरोबर वाचली आणि पिंगळ्याला फोन लावला.

“ते सोलर का काय, आपल्याकडे आहे का?”

“नाही साहेब.”

“का नाही?”

“तुम्ही बजेट कापलं होतं साहेब. आपल्याकडे फुकटचं आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग साहेब म्हणाले, “बघा, मी उगाच कापत नाही.” पुढच्या वार्षिक सभेत ‘दूरदृष्टी’ या शब्दाखाली हे अहवालात आलं.

त्यानंतर आला ऑडिटर. तरुण, चष्मा, हातात प्रश्नांची यादी. त्यानं विचारलं, “हे सॉफ्टवेअर नेटवर्क बघतं. सॉफ्टवेअरला कोण बघतं?” पिंगळा म्हणाला, “मी.” ऑडिटरनं लिहून घेतलं: ‘यंत्रणा व्यक्तीवर अवलंबून. शेरा: असमाधानकारक.’ म्हणून पहिल्यावर नजर ठेवायला दुसऱ्या जातीचं दुसरं सॉफ्टवेअर आलं, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या यूपीएसवर. दोघांना एकमेकांना पिंग करायला शिकवलं. काही दिवस बरे गेले. मग एका पावसाळी रात्री दोन खोल्यांमधली केबल उंदरानं कुरतडली आणि पिंगळ्याच्या मोबाइलवर पाठोपाठ दोन मेसेज आले. पहिलं म्हणालं, दुसरं मेलंय. दुसरं म्हणालं, पहिलं मेलंय. रेनकोट चढवून तो ऑफिसला गेला तर दोघंही टुणटुणीत, आणि दोघांच्याही ग्राफवर दोष ठळकपणे समोरच्याचा.

आता या दोघांत मध्यस्थ म्हणून तिसरं घ्यावं, अशी टिपणी त्यानं वर पाठवली आहे. खरेदी समितीला तीन कोटेशनं लागतात. दोन आली. तिसऱ्यासाठी परवा त्यानं मला फोन केला. “तुमच्या लेटरहेडवर एक पाठवा ना,” म्हणाला, “फक्त रेट जरा जास्त लावा.”